‘झालंच नाही ते का लिहायचं?’ : देवगडच्या काकांना उत्तर

काका, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचा राग निम्मा तरी रास्त आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमचा भाचा फ्लाइंग स्कूलमध्ये असताना 1 जानेवारीच्या सकाळी बरोबरच्या एका मुलाने ‘हा पिऊन आलाय’ अशी तक्रार केली. तिथल्या तिथे बीए टेस्ट (फुंकीतून दारू तपासणारी ब्रेथ ॲनालायझर चाचणी) झाली, मशीनवर 0.000 आलं आणि विषय मिटला. आता तो विमान कंपनीचा अर्ज भरतोय. वैमानिकाच्या नोकरीच्या अर्जाविषयीच्या माझ्या लेखातलं ‘दारूबाबत जे काही असेल ते सगळं लिहून टाका’ हे वाक्य वाचून त्याची झोप उडाली आहे. तुम्ही विचारता, जे झालंच नाही ते लिहून आपल्याच हाताने पायावर धोंडा का पाडून घ्यायचा?

ते वाक्य माझं चुकलं. ‘सगळं’ लिहायचं नसतं. विचारलंय तेवढंच लिहायचं, पण विचारलेलं अर्धवट सोडायचं नाही. या दोन गोष्टींत फरक आहे आणि पोरं नेमकी तिथेच घसरतात.

अर्जातले प्रश्न वरवर सारखे दिसतात, पण ते सारखे नसतात. ‘बीए टेस्टमध्ये कधी पॉझिटिव्ह आलात का?’ भाच्याचं उत्तर: नाही. ‘चाचणी कधी नाकारली किंवा चुकवली का?’ नाही. ‘परवाना कधी निलंबित झाला का?’ नाही. ‘न्यायालयात दोषी ठरलात का?’ नाही. इथपर्यंत त्याने तक्रारीचा ‘त’सुद्धा काढू नये, चारही नकार शंभर टक्के खरे आहेत. पण ‘तुमच्याविरुद्ध कधी तक्रार किंवा चौकशी झाली आहे का?’ असं विचारलं असेल, तर उत्तर ‘हो’ येतं. इथे ‘नाही’ लिहिलं तर दारूचा आरोप खोटा असूनही अर्ज खोटा ठरतो. इंग्रजी अर्जात ‘एव्हर’ (कधीही), ‘पेंडिंग’ (प्रलंबित), ‘कन्व्हिक्टेड’ (दोषी ठरलेला), ‘अरेस्टेड’ (अटक झालेला) या शब्दांखाली पेन्सिलने रेघ मारून मगच उत्तर लिहावं. ‘एव्हर’ असेल तर पाच वर्षांपूर्वीचंही त्यात आलं.

‘हो’ लिहायची वेळ आली तर मजकूर साधारण असा असावा:

‘1 जानेवारी रोजी सकाळच्या उड्डाणाआधी एका सहविद्यार्थ्याने माझ्याविरुद्ध मद्यपानाची तोंडी तक्रार केली. त्याच वेळी घेतलेल्या ब्रेथ ॲनालायझर चाचणीचा निकाल 0.000 आला. शाळेने पुढे कोणतीही कारवाई केली नाही. चाचणीच्या नोंदीची प्रत व शाळेचे पत्र जोडले आहे.’

चार वाक्यं पुरे, वर्ष तेवढं घालावं. ‘मत्सरापोटी’, ‘मला अडकवण्यासाठी’ असले शब्द नकोत. तक्रार करणाऱ्याचा हेतू ठरवत बसायला वाचणाऱ्याला वेळ नसतो. त्याला तारीख, आकडा आणि कागद हवा असतो. तेव्हा कागद आत्ताच मिळवा. चाचणीच्या रजिस्टरमधल्या त्या ओळीची प्रत घ्या. तिच्यावर वेळ, मशीनचा क्रमांक, निकाल आणि घेणाऱ्याची सही दिसली पाहिजे. शाळेच्या लेटरहेडवर मुख्य प्रशिक्षकाचं दोन ओळींचं पत्रही घ्या. शाळांमधली माणसं बदलतात, चाचणीचं कॅमेऱ्यावरचं रेकॉर्डिंग कायम ठेवलं जात नाही, आणि तोंडी ‘मिटलं’ला पुढे काही किंमत राहत नाही.

‘मशीनवर कोण विश्वास ठेवणार?’ असंही तुम्ही लिहिलंय. काका, ते मशीन भाच्याच्याच बाजूने साक्ष देतंय. फुंकायच्या आधी ते मोकळ्या हवेवर 0.000 दाखवतंय ना, हे बघतात. पहिली फुंक पॉझिटिव्ह आली तर 15 ते 20 मिनिटं थांबून दुसरी घेतात, मधल्या वेळात हवं तर चूळ भरता येते. तोंडात रेंगाळलेला माउथवॉश किंवा कफ सिरप तेवढ्यात उडून जातं, रक्तातलं अल्कोहोल जात नाही. म्हणून दुसऱ्या फुंकीलाही आकडा आला तर ‘माउथवॉश होता’ ही सबब सहसा टिकत नाही. शिवाय 2023 पासून डीजीसीएच्या (देशातल्या विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाच्या) नियमात अल्कोहोल असलेला माउथवॉश किंवा टूथ जेल वापरायलाच मनाई आहे, आणि औषध चालू असेल तर ड्यूटीआधी कंपनीच्या डॉक्टरला विचारावं लागतं. आपल्याकडे घरोघरी द्राक्षासव आणि दशमूलारिष्ट असतं. आसव-अरिष्टात आंबवणातून तयार झालेलं अल्कोहोल असतंच, हे आजीला समजावून सांगायला हवं.

आता तुमचं ते ‘बारा तास झाले की विषय संपला’. इथे मात्र मी मागे हटणार नाही. शेवटचा घोट आणि उड्डाण यांत 12 तास हवेत असा नियम आहे, पण त्यापुढे 12 तास झाले असले तरी निकाल शून्यच हवा अशी अटही आहे. हिशेब मांडून बघा. व्हिस्की-रमची 180 मिलीची क्वार्टर, 42.8 टक्क्यांची, म्हणजे सुमारे 60 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. शरीर तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅम निकाली काढतं. एक क्वार्टर 6 ते 9 तासांत उतरते. दोन झाल्या तर 120 ग्रॅम, म्हणजे 12 ते 17 तास. रात्री अकराला ग्लास खाली ठेवून दुसऱ्या दिवशी अकराला फुंकणारा नियम पाळूनही अडकू शकतो. आणि ही बाटलीतल्या मोजक्या दारूची गोष्ट झाली. शिमग्यातली हुर्राक, माडी किंवा गावठी किती टक्क्यांची होती हे पाजणाऱ्यालाही ठाऊक नसतं, मग तास कशाच्या आधारावर मोजणार? झोप, काळी कॉफी, लिंबूपाणी, आंघोळ यांनी हा वेग वाढत नाही.

जहाजावरच्या पोरांशी तुम्ही तुलना केलीत. आपल्या किनाऱ्यावर घराआड एक मर्चंट नेव्हीवाला, त्यामुळे ती सुचणारच. पण मोजमापच वेगळं आहे. एसटीसीडब्ल्यू या खलाशांसाठीच्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे जहाजावर रक्तातली मर्यादा 0.05 टक्के, आपल्या रस्त्यावर गाडी चालवताना 0.03 टक्के, भारतात विमानाच्या क्रूला 0.000. अमेरिकेत वैमानिकाला 0.04 टक्के आणि 8 तास चालतात, म्हणून तिकडचे व्हिडिओ बघून इकडचं ठरवू नये. इथे पहिल्यांदा पॉझिटिव्ह आलं तर परवाना 3 महिने निलंबित, दुसऱ्यांदा 3 वर्षं, तिसऱ्यांदा रद्द.

हे 3 महिने लपवता येतील असं वाटणारे महाभाग असतात. पण लॉगबुकात, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीत, 90 दिवस एकही लँडिंग नाही. 90 दिवसांत 3 टेकऑफ-लँडिंगची अट असते, ती मोडते, म्हणून परतल्यावर पुन्हा उड्डाणाची चाचणी (चेक) द्यावी लागते, आणि त्याचाही कागद फाइलला लागतो. नव्या कंपनीतला माणूस तास जुळवत त्या भोकापाशी येतो आणि विचारतो, ‘या काळात कुठे होतात?’ तेव्हा ‘गावी आंब्याचा सीझन होता’ हे उत्तर तो लिहून घेतो आणि आधीच्या कंपनीला पत्र टाकतो.

भाच्याच्या बाबतीत दारूच्या तक्रारीपेक्षा मला दुसरीच शंका जास्त वाटते, ती म्हणजे नाकाबंदी. पर्यटनाच्या दिवसांत महामार्गावर पकडला गेलेला मुलगा कोर्टात जाऊन दंड भरतो आणि घरी येऊन सांगतो, ‘मिटवलं’. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 खाली गुन्हा कबूल करून भरलेला दंड ही पावती नसते, ती दोषसिद्धी असते. मग ‘कन्व्हिक्टेड?’समोर ‘नाही’ लिहिलं की खोटं. विमानतळाच्या प्रवेश पाससाठी पोलीस पडताळणी होतेच. म्हणून अर्जाआधी स्वतःच चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र काढावं. तालुक्याच्या पोलीस ठाण्यात आपल्या नावावर काय आहे ते कंपनीच्या आधी आपल्याला कळलेलं बरं.

लपवलेल्या नोंदींचं काय होतं, याची मोठी उदाहरणं दारूची नाहीत. 2009 मध्ये अमेरिकेत बफेलोजवळ कोलगन एअरचं विमान पडलं, 50 माणसं गेली. कॅप्टनने आधी नापास झालेल्या चाचण्यांपैकी काही नोकरीच्या अर्जात सांगितल्याच नव्हत्या. त्यानंतर 2010 च्या कायद्याने तिथे वैमानिकांच्या नोंदींचा सरकारी डेटाबेस ठरला. तो तयार होईपर्यंत 2019 मध्ये ह्यूस्टनजवळ ॲटलस एअरचं मालवाहू विमान पडलं. त्यातल्या फर्स्ट ऑफिसरनेही (सहवैमानिकानेही) आधीच्या कंपन्यांतली प्रशिक्षणातली अपयशं दडवली होती. त्या डेटाबेसमध्ये वैमानिकाला स्वतःची नोंद बघता येते आणि चुकीची असेल तर दुरुस्ती मागता येते. खोटी गोष्ट आयुष्यभर मागे लागते या तुमच्या तक्रारीचं खरं औषध हे आहे, आणि आपल्याकडे ते तितकं सोपं झालेलं नाही हे मान्य. दोन कंपन्यांतल्या ओळखीच्या माणसांनी फोनवर ‘तो जरा पितो हं’ म्हणून एखाद्याचा निकाल लावणं हा अन्यायच आहे. त्याच्यासमोर हातात धरायला काही असेल तर तो 0.000 चा कागद.

अमेरिकेतल्या ज्या माफी मिळालेल्या कॅप्टनचा दाखला तुम्ही दिलात, तोही पुरा सांगायला हवा. 1990 मध्ये नॉर्थवेस्ट एअरलाइन्सच्या कॉकपिटमधल्या तिघांनी फार्गोहून मिनियापोलिसपर्यंत विमान दारूच्या अमलाखाली नेलं. तिघांनाही तुरुंग झाला. कॅप्टनने उपचार घेतले, परवाने पुन्हा खालच्या पायरीपासून मिळवले, त्याच कंपनीत परत उडाला, आणि राष्ट्राध्यक्षांची माफी आली ती 2001 मध्ये, सगळं झाल्यावर. त्याचा गुन्हा जगजाहीर होता, लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

मूळ लेखातलं ते वाक्य आज बदललंय. भाच्याला सांगा, अर्ज नंतर, आधी शाळेत जाऊन पत्र आण. आणि अर्जातला तक्रारीविषयीचा प्रश्न जसाच्या तसा इथे उतरवून पाठवा, ‘हो’ की ‘नाही’ ते शब्द बघूनच सांगता येईल.