झोआ मिटले, मशरूम आक्रसले: आपल्या तक्रारीला दुकानाकडून उत्तर

नमस्कार ताई. आमच्याकडून खाऱ्या पाण्याच्या टँकसाठी मऊ कोरल (प्रवाळं) नेल्यावर तीन आठवड्यांत झोआ (बटणासारखे छोटे कोरल) मिटून बसले, मशरूम (चपट्या छत्रीसारखं कोरल) आक्रसले, स्टार पॉलिप दगडभर पसरले आणि दुकानातून ‘कार्बन टाका’ (पाण्यातली रसायनं शोषणारा कोळसा) यापलीकडे काहीच सांगितलं नाही, असं तुम्ही लिहिलंय. शेवटचं म्हणणं पूर्ण खरं आहे. दोन फुटी टँकसाठी चार जाती (झोआ, मशरूम, स्टार पॉलिप आणि चामड्यासारखं दिसणारं लेदर) एका दिवशी देताना कोणाचं कोणाशी पटत नाही हे सांगणं आमचं काम होतं. ते झालं नाही, माफ करा.

माल मात्र आजारी नव्हता. तुमच्या फोटोत लेदर कोरलच्या बाजूचेच झोआ मिटलेत, दगडापलीकडचे उघडे आहेत. लेदर जागेसाठी पाण्यात टर्पीन वर्गातली रसायनं सोडतं, शेजाऱ्याला हात न लावता. त्यात तुमचा वेव्हमेकर (पाणी हलवणारा पंप) लेदरवरून थेट झोआंवर पाणी ढकलतोय. म्हणून लेदर प्रवाहाच्या शेवटच्या टोकाला हलवा आणि चारी बाजूंनी निदान १५ सेंटिमीटर जागा सोडा. हलवल्यावर ते काही दिवस मिटेल, अंगावरून मेणासारखा पातळ पापुद्रा सोडेल. ते मेलं समजून काढून टाकू नका; जरा जास्त फ्लो (पाण्याचा प्रवाह) द्या, पापुद्रा वाहून जातो. दगडावर बसवायला नुसता सुपरग्लू टिकत नाही, बुळबुळीतपणामुळे सुटतो. रबरबँडने सैल बांधून आठ-दहा दिवस ठेवा.

कार्बनचा उपयोग झाला नाही, कारण पिशवी टँकच्या कोपऱ्यात लटकतेय. पाणी कार्बनमधून गेलं पाहिजे, बाजूने नाही. काचेवर लटकणाऱ्या हँग-ऑन फिल्टरमध्ये किंवा सम्पच्या (टँकला जोडलेल्या फिल्टर टाकीच्या) अरुंद कप्प्यात बसवा. दगड-वाळू वजा जाता तुमचं पाणी साधारण १०० लिटर आहे, त्याला ५० ग्रॅम पुरे. आधी आरओच्या पाण्यात काळं पाणी येणं थांबेपर्यंत धुवा. पहिले चार दिवस निम्माच घाला: कार्बन पाण्याचा पिवळेपणा काढतो, प्रकाश एकदम वाढतो आणि मशरूम पांढरे पडू शकतात. पुढे दर तीन-चार आठवड्यांनी बदला. लेदर कापलं किंवा हलवलं तर लगेच नवा कार्बन आणि १५ टक्के पाणी बदल.

स्टार पॉलिपची गोष्ट वेगळी. ते डंख मारत नाही, जांभळी चटई अंथरत शेजाऱ्याच्या अंगावर चढतं आणि त्याचा प्रकाश तोडतं. दगड टँकच्या पाण्याच्या बादलीत काढा, ब्लेडने चटईची कड उचलून सोला, दगड त्याच पाण्यात खळबळून मग परत ठेवा. टँकमध्ये सोललंत तर तुकडे जिथे पडतील तिथे नवी वसाहत. उरलेला भाग वाळूवर वेगळ्या दगडावर ठेवा, भोवती पाच-सहा सेंटिमीटर मोकळी वाळू. मागच्या काचेवर वाढू दिलं तरी सुरेख दिसतं, आमची पसंती त्यालाच.

एक कळकळीची विनंती: त्या दगडावर झोआही आहेत. काही झोआंमध्ये पॅलिटॉक्सिन हे जबर विष असतं. हातमोजे, चष्मा घाला, मुलांना लांब ठेवा आणि साफ करायला तो दगड कधीही उकळू नका. वाफ श्वासात गेली तर माणूस दवाखान्यात जातो.

मशरूम सुटून वाहत असतील तर खडे घातलेल्या वाटीत ठेवून वर जाळी बांधा, आठवडा-दहा दिवसांत धरतात. सगळं एकाच दिवशी हलवू नका, आधी लेदर, चार दिवसांनी बाकीचं. आणि आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यात पंख्याने पाणी झपाट्याने उडतं, मीठ मागेच राहतं. भर फक्त आरओच्या गोड पाण्याची घाला, खारेपणा (विशिष्ट गुरुत्व) १.०२५ च्या आसपास ठेवा. क्षार चढले की आधीच दबलेला झोआ उघडतच नाही.

कठीण सांगाड्याची प्रवाळं वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत, म्हणून आम्ही ती ठेवत नाही. पण मऊ जातीही भांडतात, हे आता प्रत्येक बिलासोबत मराठीत छापून देतोय.

लेदर नको असेल तर परत आणा, पूर्ण पैसे मिळतील. आणताना झाकणाच्या डब्यात, टँकच्याच पाण्यात बुडवून आणा आणि दुपारचं ऊन टाळून सकाळी या.