मंडपातला निळा दिवा

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एकच वाद चालू आहे. यवतमाळकडच्या आमच्या गावात तोंडाच्या कॅन्सरचं तपासणी शिबिर घ्यायचंय, आणि वर्गणीतून निळ्या प्रकाशाचं यंत्र आणावं असा मामेभावाचा हट्ट. ‘दादा, तुमच्या कॅनडात डेंटिस्ट असाच दिवा लावून बघतात ना? मग आपल्याच लोकांनी का मागं राहायचं?’

सगळेच लावत नाहीत. पण व्हेलस्कोप नावाचं हे यंत्र मी राहतो त्या ब्रिटिश कोलंबियातलंच, इथल्या कॅन्सर एजन्सीच्या संशोधनातून आलेलं. माझ्या डेंटिस्टकडे ते आहे. खोलीतले दिवे मालवतात, डोळ्यांवर चष्मा चढवतात आणि गालाच्या आत निळा झोत टाकतात. निरोगी अस्तर हिरवट उजळतं. पेशी बिघडू लागल्या, खालचं कोलॅजन (अस्तराला धरून ठेवणारे तंतू) विस्कटलं, की तो भाग काळपट दिसतो. बिल वेगळं, आणि माझ्या विम्यात ते बसत नाही.

घोळ असा की नुसता दाह असला तरी तिथे काळपटच दिसतं. पन्नीत घोटलेला तंबाखू-सुपारीचा खर्रा वर्षानुवर्षं ज्या गालात दाबला, तो गाल या दिव्याखाली कसा दिसेल? निम्म्या गावाला उगाच धडकी भरेल. अमेरिकन डेंटल असोसिएशनने 2017 साली स्पष्टच सांगितलं: असे दिवे नेहमीच्या दवाखान्यात निदानासाठी वापरू नका, नीट बघा, बोटांनी चाचपा, संशय आला तर तुकडा काढून तपासायला पाठवा, म्हणजे बायोप्सी करा. हाच दिवा शस्त्रक्रियेत गाठीची हद्द ठरवायला वापरून कॅनडात मोठी चाचणी झाली. 2020 साली निकाल आला, आणि कॅन्सर त्याच जागी उलटण्याचं प्रमाण काही कमी झालेलं नव्हतं.

मग पुरावा आहे कशाचा? तो आपल्याच देशातला आहे, तिरुवनंतपुरमच्या चाचणीचा. 13 पंचायतींमधली सुमारे 1 लाख 90 हजार माणसं. निम्म्या पंचायतींत प्रशिक्षण दिलेले कार्यकर्ते घरोघर जाऊन नुसत्या डोळ्यांनी तोंड तपासत. डॉक्टर नव्हते ते. 2005 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निकाल छापून आला: तंबाखू वा दारूचं व्यसन असलेल्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू 34 टक्क्यांनी घटले. व्यसन नसलेल्यांना मात्र फायदा दिसला नाही. म्हणजे सगळ्या गावाची रांग लावण्याऐवजी पानठेल्यावरच्या गिऱ्हाइकांना आधी गाठायला हवं.

त्याच चाचणीतला दुसरा आकडा मला जास्त छळतो. संशयित ठरलेल्यांपैकी साधारण 63 टक्केच पुढच्या तपासणीला गेले. बाकीचे घरीच राहिले.

आमचा मामाही तसाच, घरी बसणारा. गुटख्यावर 2012 पासून बंदी, पण खर्रा कोपऱ्यावर मिळतो. (मीही फार बोलू नये, इथे कॅनडातल्या सरे शहरात देशी किराणा दुकानात सुपारीची पाकिटं बडीशेपेशेजारी बिनधास्त लटकतात.) तोंड पुरतं उघडतं का ते बघायला मी फोनवर विचारलं, ‘मामा, तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का, बघा बरं.’ थोडा वेळ शांतता. मग, ‘दोनच जातेत. पण दुखत तं काहीच नाही ना!’ दुखत नाही म्हणून नागपूरला जायचं नाही, आणि गेलं तर दोन दिवसांची मजुरी बुडते, राहायचं कुठे ते वेगळंच.

खरं तर तीस वर्षांपुढच्या प्रत्येकाचं तोंड तपासायचं हे सरकारी कार्यक्रमात केव्हापासून लिहिलेलं आहे. आशाताईंच्या फॉर्मवर ‘तोंड उघडायला त्रास होतो का’ हा प्रश्नसुद्धा आहे. तरी 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कधीतरी तोंड तपासून घेतलेली माणसं देशभरात जेमतेम 1 टक्का निघाली. वर्गणी जमलीच आहे तर ती मामासारख्यांच्या गाडीभाड्यावर, बुडालेल्या मजुरीवर आणि बायोप्सीच्या खर्चावर घाला.

दिव्याशी माझं वैर नाही. जिथे बायोप्सी करणारा हात आहे, तिथे तुकडा नेमका कुठून घ्यायचा हे ठरवायला त्याची मदत होऊ शकते. जिल्हा रुग्णालयाला खुशाल द्या. शिबिराच्या मंडपात मात्र नको. भर दुपारी त्या कापडी मंडपात अंधार करणार कसा, याचं उत्तर मामेभावाने अजून ग्रुपवर टाकलेलं नाही.