गावात भट्टी एकच आणि तीही सरंजामदाराची?

‘मध्ययुगीन युरोपात शेतकऱ्याला भट्टी बांधायला हजार वर्षं बंदी होती. गावात एकच भट्टी, ती सरंजामदाराची. पाव भाजायचा तर त्याला पैसे मोजा. उत्खननात निघणाऱ्या भट्ट्या हा त्याचाच पुरावा.’ दगडी भट्टीच्या फोटोसकट हा मजकूर फिरतो आहे. त्यात तथ्य थोडं आणि तिखटमीठ फार.

आधी ‘हजार वर्षं’. फ्रान्समध्ये भट्टी, गिरणी आणि द्राक्षांचा घाणा सरंजामदाराचाच वापरायची सक्ती होती, तिला ‘बानालिते’ म्हणत. ती खरीच होती, भाजणावळही द्यावी लागे. पण तिने मूळ धरलं ते साधारण ११व्या शतकापासून, आणि तेही सगळीकडे नाही. १५८०च्या पॅरिस प्रांताच्या कायद्यानुसार वैध दस्तऐवज नसेल तर सरंजामदाराला अशी सक्ती करता येत नव्हती. (असं कलम घालावं लागलं, म्हणजे दस्तऐवजाविना दामटणारेही असणारच!) उरलीसुरली सक्ती क्रांतीने १७९३ मध्ये भरपाईविना मोडीत काढली.

‘एकच भट्टी’ हे विधान तर उत्खननातच कोसळतं. पॅरिसच्या आसपास ११व्या शतकाआधीच्या वस्त्यांमध्ये भट्ट्या घोळक्याने सापडतात. एक खड्डा खणायचा, त्यात उतरून भोवतालच्या गाळमातीत आडवी घुमटाकार पोकळी कोरायची, झाली भट्टी. वीट नाही, गवंडी नाही. आत जाळ करायचा, तळ तापला की निखारे ओढून त्याच खड्ड्यात टाकायचे आणि पाव आत सरकवायचे. मातीचं छत कधीतरी ढासळायचंच. मग त्याच खड्ड्याच्या दुसऱ्या बाजूला नवी पोकळी. त्यामुळे पाच भट्ट्या म्हणजे पाच कुटुंबं, असंही कुणी लगेच म्हणू नये. त्या एकाच वेळी पेटत होत्या असं नाही. पण अशा भट्टीला सरंजामदाराच्या भांडवलाची गरज नव्हती, एवढं नक्की.

मग मालक कोण? भाजलेल्या मातीतले लोहकण शेवटचे थंड होताना पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राची दिशा धरून ठेवतात. त्यावरून भट्टी शेवटची कधी तापली याचा अंदाज येतो. मालकाचं नाव त्या मातीत नसतं; ते दस्तऐवजात शोधावं लागतं.

शिवाय सापडलेली प्रत्येक भट्टी पावाची नसते. इंग्लंडमध्ये डार्टमूरच्या माळावर हाउंड टॉर हे उजाड झालेलं मध्ययुगीन गाव आहे. तिथे धान्य वाळवायच्या भट्ट्या निघाल्या. पावसाळी, गार हवेत कापणीचं धान्य ओलंच राहायचं. ते शेकल्याशिवाय ना साठवता येई, ना दळता येई. पाव भाजण्याच्या सक्तीशी त्यांचा काय संबंध?

फोटोबद्दलही थोडं. आज उभ्या दिसणाऱ्या दगडी गावभट्ट्या बहुतेक मध्ययुगानंतरच्या आहेत. आणि गावात भट्टी एकच असली तरी ती सरंजामदाराचीच, हेही गृहीत धरता येत नाही. फ्रेंच आल्प्समधल्या व्हिलार-दारेनची भट्टी गावकीची. तिथे वर्षातून एकदा, नोव्हेंबरात, ती पेटवून सगळे मिळून वर्षभराचा राय या धान्याचा पाव भाजून ठेवत.