इक्सी फेल म्हणजे थेट डोनर एग? नाही हो
सध्या एक मेसेज फिरतोय, की इक्सी (टेस्ट ट्यूब बेबीची एक पद्धत) करूनही एकही एग, म्हणजे स्त्रीबीज, फर्टिलाइज झालं नाही तर बाईची एग्ज खराब, आता डोनरशिवाय, म्हणजे दुसऱ्या बाईची एग्ज घेतल्याशिवाय, मार्ग नाही. हे चुकीचं आहे, आणि असलं वाचून किती जणी स्वतःला दोष देत असतील म्हणून लिहितेय.

इक्सीत शुक्राणू सुईने थेट एगमध्ये सोडतात पण आत गेला म्हणजे झालं असं नसतं, शुक्राणूतलं पीएलसी झीटा नावाचं प्रोटीन एगमध्ये कॅल्शियमच्या लाटा उठवतं आणि त्यानेच एग जागं होतं. ते प्रोटीन कमी असेल तर चांगलं एगसुद्धा तसंच पडून राहतं. गोल डोक्याच्या शुक्राणूंमध्ये तर हा प्रॉब्लेम बहुतेक वेळा असतो.

अशा वेळी लॅबमध्ये इक्सीनंतर एग्ज काही मिनिटं कॅल्शियम आयनोफोरमध्ये (एगमधलं कॅल्शियम वाढवणारं रसायन) ठेवतात, आणि आधी शून्य आलेल्या काही जोडप्यांना पुढच्या सायकलला (उपचाराच्या फेरीला) एम्ब्रियो, म्हणजे गर्भ, मिळालेत. सगळ्यांना नाही हं. एग्ज मुळात कच्ची असतील तर याचा उपयोग नाही, आणि पहिल्याच सायकलला सरसकट घ्यायची ही गोष्टही नाही. डोनरचा निर्णय घ्यायच्या आधी एम्ब्रियोलॉजिस्टला (लॅबमध्ये हे काम करणाऱ्या तज्ज्ञाला) एवढं विचाराच, की मॅच्युअर एग्ज किती होती आणि शुक्राणूंचा आकार कसा होता.