जॅक्सन वॉर्डातल्या आजी आणि घरपट्टी

अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या रिचमंडच्या जॅक्सन वॉर्डात, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या जुन्या वस्तीत, घर घेऊन आम्हाला चार वर्षं झाली. घरी येणारं प्रत्येक मराठी माणूस म्हणतं, "एरिया काय सुधारलाय गं!" मला ते टोचतं. म्हणून आज लिहितेच.

ही वस्ती आपोआप बिघडली नव्हती हो. १९५० च्या दशकात टोलचा महामार्ग थेट मधून काढला, शेकडो घरं पाडली. सिक्स्थ माउंट झायन चर्च तेवढं वाचलं, रस्ता त्याला वळसा घालून गेला. आज त्याच महामार्गावरून, म्हणजे आय-९५ वरून, गाड्या रात्रंदिवस घोंघावतात. पलीकडे गिल्पिन कोर्ट या सरकारी घरांच्या वसाहतीतली माणसं, अलीकडे आम्ही.

त्याआधी इथं काय वैभव होतं! मॅगी वॉकर यांनी १९०३ साली इथं पेनी सेव्हिंग्ज बँक काढली. त्यांची आई गुलामगिरीतून सुटलेली, लोकांची धुणी धुणारी. धुणंभांडी करणाऱ्या बायांच्या पैपैवर ती बँक उभी राहिली आणि तिच्या कर्जावर कितीतरी कृष्णवर्णीय कुटुंबांची स्वतःची घरं झाली. ली स्ट्रीटवरचं बाईंचं घर आता राष्ट्रीय स्मारक आहे. नक्की बघून या.

आमच्या शेजारच्या आजी ऐंशीच्या पुढच्या. संध्याकाळी बिडाच्या नक्षीदार कठड्याशी खुर्ची टाकून बसतात आणि मला, बेचाळीस वर्षांच्या बाईला, "बेबी" म्हणून हाक मारतात. गेल्या महिन्यात त्यांनी मला नऊ कार्डं दाखवली. "तुमचं घर रोखीनं घेतो." हातानं लिहिल्यासारखी छपाई, वर त्यांचं पहिलं नाव. आणि त्याखाली वाढलेल्या घरपट्टीचा कागद. त्यांच्या घराला साधा रंगसुद्धा लागलेला नाही. पण आमच्यासारख्यांनी दिलेल्या किमतींवरून त्यांच्या घराची किंमत ठरते. म्हणजे आमच्या हौसेचं बिल त्यांच्या दारात!

ज्येष्ठांना सवलत आहे, पण उत्पन्नाची अट, अर्ज, कागदपत्रं. जुन्या रहिवाशांना ती आपोआप मिळायला हवी, असं माझं ठाम मत आहे, मग मला चार पैसे जास्त भरावे लागले तरी चालतील. महामार्गावर छत घालून दोन्ही बाजू जोडायचा विचार चालू आहे. व्हावंच ते. पण तोवर आजींसारखी माणसं इथं टिकायला हवीत.

त्यांचा अर्ज आम्ही दोघींनी माझ्या जेवणाच्या टेबलावर बसून भरला, तीन तास लागले. असा अर्ज भरायची गल्लीत अजून चार घरं आहेत. रिचमंडातल्या मंडळींनो, शनिवारी सकाळी दोन तास देणार का? चहा-पोहे माझ्याकडे.