रात्री मोजणारी पोटगी, तारखा मोजणारी पोटगी

पोटगीवरून आपल्याकडे वाद पेटला की दोनच आवाज ऐकू येतात. एक म्हणतो, बायका लुटतात. दुसरा म्हणतो, नवरे हात झटकतात. मुलाच्या वाट्याला किती, हे कोणी विचारत नाही. ब्रिटनमध्ये राहून हा वाद वाचताना तेच खटकतं, कारण इथे ही दोन वेगळी खाती आहेत. जोडीदाराची पोटगी कोर्टात ठरते. मुलाची, आईबापांचं आपसात जमलं नाही तर, 'चाइल्ड मेंटेनन्स सर्व्हिस' हे सरकारी खातं ठरवतं. तिथे ना उलटतपासणी, ना कोणाच्या वागण्याचा पंचनामा.

वेगळं राहणाऱ्या पालकाचं (बहुतेकदा बापाचं) करपूर्व उत्पन्न खातं थेट कर विभागाकडून घेतं आणि पेन्शनची वर्गणी वजा करून त्याचा आठवड्याचा आकडा काढतं. आठवड्याला २०० ते ८०० पौंड कमावणाऱ्याला एका मुलासाठी १२ टक्के, दोघांसाठी १६, तीन किंवा जास्त असतील तर १९ टक्के. ८०० च्या वरच्या कमाईवर ९, १२ आणि १५ टक्के, तेही ३,००० पौंडांपर्यंतच. त्यापुढच्या पैशासाठी कोर्टात जावं लागतं. बापाच्या नव्या घरात दुसरं मूल असेल, तर आधी उत्पन्नातून ११ टक्के वजा होतात.

मग रात्री मोजायच्या. मूल वर्षात ५२ ते १०३ रात्री बापाकडे झोपलं तर रकमेत एक-सप्तमांश सूट, १०४ ते १५५ रात्रींना दोन-सप्तमांश. आठवड्याला ७०० पौंड कमावणाऱ्याचे एका मुलासाठी ८४ पौंड होतात. ५२ रात्रींना ते ७२ वर येतात, १०४ रात्रींना ६० वर. म्हणजे १०३ आणि १०४ यांच्यातल्या एका रात्रीची किंमत वर्षाला ६२४ पौंड. उन्हाळ्याच्या सुट्टीत मूल कुठे झोपणार यावरून हुज्जत का होते, ते इथे कळतं.

आईचा पगार या गणितात येतच नाही. भारतात दोन्ही पालकांची ऐपत पाहतात, आणि ते जास्त न्याय्य आहे. पण ऐपत पाहायची म्हणजे ती सिद्ध करायची, आणि त्यातच वर्षं जातात. अचूक पण उशिरा मिळणाऱ्या रकमेपेक्षा ठोकळ पण वेळेवर मिळणारी रक्कम मुलाच्या जास्त कामाची, असं माझं मत.

ही पद्धतही गळकी आहेच. स्वतःची कंपनी काढून नाममात्र पगार घेणारा आणि बाकीचं लाभांशातून उचलणारा बाप आपोआप सापडत नाही. आईला फेरबदलाचा वेगळा अर्ज करावा लागतो. शिवाय चालू उत्पन्नात किमान २५ टक्के फरक पडल्याशिवाय वार्षिक आढाव्याआधी आकडा हलत नाही.

वसुली मात्र शिकण्यासारखी. पैसे चुकवले तर प्रकरण 'कलेक्ट अँड पे'मध्ये जातं, म्हणजे सरकारी खातंच बापाकडून पैसे घेऊन आईला देतं. तिथे ७२ पौंडांसाठी बापाला २० टक्के जादा, म्हणजे ८६.४० भरावे लागतात, आणि ४ टक्के कापून आईच्या हाती ६९.१२ येतात. मालकाला पगारकपातीचा आदेश जातो: नक्त पगाराच्या जास्तीत जास्त ४० टक्के, आणि कापलेले पैसे पुढच्या महिन्याच्या १९ तारखेपर्यंत जमा. या खटाटोपाबद्दल मालक दर कपातीला १ पौंड स्वतःसाठी कापू शकतो! पुढची पायरी बापाच्या बँक खात्यातून वसुली, मग जप्ती. शेवटी ड्रायव्हिंग लायसन्स, पासपोर्ट, क्वचित तुरुंग.

आपल्याकडे आता पोटगीसाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आहे, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १२५. अंतरिम अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढा, असं ते सांगतं. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही बाजूंना मालमत्ता-उत्पन्नाचं शपथपत्र सक्तीचं केलं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायला सांगितलं. कायद्यात उणीव आहे ती सूत्राची आणि आपोआप होणाऱ्या कपातीची. प्रत्येक थकबाकीसाठी आईने पुन्हा वसुली अर्ज करायचा, तोही रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत, नाहीतर या कलमाखाली वॉरंट निघत नाही.

पोटगी संपते कधी? इथे ब्रिटनमध्ये १६ व्या वर्षी, किंवा ए-लेव्हलसारखं (आपल्या अकरावी-बारावीच्या तोडीचं) पूर्णवेळ शिक्षण चालू असेल तर विसाव्यापर्यंत. विद्यापीठ त्यात नाही. मूल पुढे शिकतंय हे आईने चाइल्ड बेनिफिट या सरकारी बालभत्त्याच्या कार्यालयाला कळवलं नाही, तर तो भत्ता थांबतो आणि त्यामागून पोटगीही. भारतात कलम १४४ साधारणपणे १८ ला थांबतं, म्हणजे बारावी संपताना, कॉलेजच्या फीच्या तोंडावर. अविवाहित हिंदू मुलीला १९५६ च्या दत्तक व पोटगी कायद्याचा वेगळा आधार आहे. सज्ञान मुलाला तो नाही. जुनी थकबाकी मात्र दोन्हीकडे वयाबरोबर माफ होत नाही.

आपल्या लोकांची गोची होते ती परतीच्या वेळी. आई, बाप आणि मूल तिघंही ब्रिटनमध्ये राहत असतील तरच साधारणपणे हे खातं प्रकरण हाताळतं. आई मुलाला घेऊन पुण्याला गेली की बाप इथे रेडिंगमध्ये असला तरी खात्याचा अधिकार संपतो. बाप भारतात गेला पण ब्रिटिश कंपनीच्याच नोकरीत राहिला आणि पगार ब्रिटनमधूनच निघत राहिला, तर खातं पाठ सोडत नाही. भारतीय कंपनीत रुजू झाला, तर पुढचा हिशेब बंद, मागची बाकी कायम. म्हणून परतीचं तिकीट काढण्याआधी कोर्टाचा आदेश घ्यावा. त्यात मुलाची रक्कम बायकोच्या रकमेपासून वेगळी लिहून घ्यावी, आणि पौंडात की रुपयांत, तेही.