फोन हरवला की खाते गेले? खानापूरच्या गुरुजींच्या प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय गुरुजी,

सप्रेम नमस्कार. विद्यापीठाच्या किंवा कॉलेजच्या मेल खात्याला पासवर्डखेरीज दुसरी पडताळणी लावून घ्यावी, आणि तीही एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲपची, म्हणजे लॉगिनचे आकडे फोनमध्येच तयार करणाऱ्या ॲपची असावी, असे मी लिहिले होते. त्यावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया दिलीत, याबद्दल आभारी आहे. इतर वाचकांसाठी आपले आक्षेप थोडक्यात सांगतो. हा सल्ला पुण्या-बेंगळुरूच्या मुलांना शोभतो. जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळ्यात वीज गेली की पाठोपाठ टॉवरही मान टाकतो, मग ओटीपी येणार कुठून, असे आपण विचारता. घरात स्मार्टफोन एकच असतो आणि तो बहुधा वडिलांबरोबर गोव्याला असतो, हेही आपण लिहिले आहे. आपल्या नात्यातल्या एका मुलीचा फोन परीक्षेचा अर्ज भरण्याच्या ऐन तोंडावर हरवला. अर्जाच्या संकेतस्थळाचा पासवर्ड बदलण्यासाठी मेल उघडायला हवा होता, मेलचा ओटीपी त्या हरवलेल्या फोनवर जात होता, आणि मुदत टळून गेली. शेवटी आपण विचारले आहे की, मार्क्सकार्ड नि हॉलतिकीट सोडून त्या खात्यात असे आहे तरी काय, की चोराने त्यासाठी धडपड करावी?

हा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचे उत्तर पटले नाही तर बाकीचा सगळा खटाटोप फुकटच ठरेल. उत्तर आपण सांगितलेल्या हकिगतीतच आहे. अर्जाचे संकेतस्थळ वेगळे होते, तरी त्याचा पासवर्ड बदलायचा तर वाट मेलमधूनच जात होती. कर्नाटकातल्या विद्यापीठांचे प्रवेश-परीक्षेचे काम ज्या यूयूसीएमएस प्रणालीवर चालते ती असो, शिष्यवृत्तीचा अर्ज असो किंवा नोकरीचे एखादे संकेतस्थळ असो, जिथे जिथे मुलीने हा मेल पत्ता दिला असेल तिथे तिथे 'पासवर्ड विसरलात?' या दुव्याचे उत्तर त्याच पेटीत येऊन पडण्याची शक्यता असते. पेटी ज्याच्या हाती, त्याच्या हाती ही सगळी दारे.

विद्यापीठाच्या खात्यांना बाजारात किंमत नाही, हेही खरे नव्हे. २०१८ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने नऊ इराणी नागरिकांवर आरोपपत्र ठेवले, त्यात अमेरिकेतली १४४ आणि इतर २१ देशांमधली १७६ विद्यापीठे लक्ष्य केल्याचा आणि प्राध्यापकांच्या सुमारे ८,००० खात्यांत शिरकाव केल्याचा आरोप होता. पद्धत साधी होती. दुसऱ्या विद्यापीठातल्या प्राध्यापकाच्या नावाने 'आपला लेख आवडला' अशा अर्थाचा मेल यायचा, त्यातला दुवा उघडला की स्वतःच्याच विद्यापीठाच्या लॉगिनसारखे हुबेहूब पान समोर यायचे, आणि मोठमोठे विद्वानही तिथे पासवर्ड टाकून मोकळे व्हायचे. आपल्याकडच्या बी.ए.च्या मुलीकडे शोधनिबंध नसतात, हे मान्य. पण तिच्या खात्यावरून वर्गातल्या बाकीच्या मुलींना 'शिष्यवृत्तीसाठी बँकेचा तपशील भरा' असा मेल गेला, तर कॉलेजचा पत्ता पाहून त्यांपैकी किती जणी शंका घेतील?

आता नेटवर्कचा मुद्दा. गुरुजी, इथे आपला राग रास्त आहे, मात्र तो एसएमएसवर निघायला हवा, ॲपवर नव्हे. ऑथेंटिकेटर ॲपला आकडे दाखवण्यासाठी ना रेंज लागते ना इंटरनेट. खाते जोडताना पडद्यावर जो क्यूआर कोड येतो, त्यात एक गुप्त किल्ली असते. ती एकदा फोनमध्ये उतरली की फोन ती किल्ली आणि घड्याळातली वेळ यांचे गणित मांडून दर ३० सेकंदांनी सहा नवे आकडे काढतो, आणि पलीकडे सर्व्हरही तेच गणित स्वतंत्रपणे करून आकडे जुळतात का ते पाहतो. ही पद्धत २०११ पासून खुले मानक म्हणून प्रसिद्ध आहे, त्यामुळे गुगलचे खाते मायक्रोसॉफ्टच्या ॲपमध्येही चालते. खात्री करून घ्यायची असेल तर फोन विमान मोडवर टाका, सिमही काढून ठेवा आणि ॲप उघडा: आकड्यांशेजारचे छोटे वर्तुळ हळूहळू रिकामे होत जाईल आणि ते संपताच नवे आकडे येतील. फक्त फोनचे घड्याळ बरोबर हवे. कोणी ते हाताने मागेपुढे केले असेल तर आकडे नाकारले जातात. कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा खानापुरातल्या सायबरमध्ये बसून मेल उघडताना त्या संगणकाला इंटरनेट असले म्हणजे पुरे, हातातल्या फोनला असण्याची गरज नाही.

वडील गोव्याला आणि ओटीपी त्यांच्या फोनवर, ही आपल्याकडच्या घराघरांतली व्यवस्था मला नेटवर्कपेक्षा जास्त काळजीची वाटते. मुलगी सायबरमधून फोन लावते, 'बाबा, ओटीपी आला का, लवकर सांगा'. बाबा म्हापशाच्या दुकानात हातातले काम टाकून, चष्मा शोधून, आकडे वाचून दाखवतात. यात कोणाचा दोष नाही, दुसरा इलाजच नसतो. परंतु वर्षातून दहा वेळा हे झाले की फोनवर आकडे वाचून दाखवणे ही घरातली रीत बनते, आणि एके दिवशी 'मी विद्यापीठातून बोलतोय, मुलीच्या अर्जासाठी एक नंबर आला असेल तो सांगा' असे कोणी म्हटले तर ते आकडेही त्याच तत्परतेने वाचले जातात. बँकांनी कितीही बजावले तरी ही सवय जात नाही, कारण आपण ती रोजच्या कामातून स्वतःच घोटून पक्की केलेली असते. ॲपचे आकडे मुलीच्याच हातात असले तर निदान तिच्या कॉलेजच्या खात्यापुरती ही वाचावाची बंद होते.

सगळी भिस्त एकाच फोनवर असेल तर काय करायचे, याचेही उत्तर आहे. तोच क्यूआर कोड जोडणी पूर्ण होण्याआधी दोन फोनमधून स्कॅन करता येतो, म्हणजे मुलीच्या जुन्या, सिम नसलेल्या फोनमध्ये आणि आईच्या किंवा भावाच्या फोनमध्ये एकाच क्षणी तेच सहा आकडे दिसतात. स्कॅन होत नसेल तर किल्ली अक्षरांत पाहण्याची सोय असते. गुगलमध्ये ती ३२ अक्षरांची असते आणि चार-चारच्या गटांत दिसते. ती हाताने भरता येते. मात्र त्या कोडचा स्क्रीनशॉट घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नये, कारण तो ज्याच्याकडे जाईल त्याच्याकडे आकडे तयार होतील. गुगलने २०२४ च्या मे महिन्यापासून ॲप जोडण्याआधी मोबाईल क्रमांक द्यावाच लागण्याची अटही काढून टाकली आहे. विद्यापीठाने आपल्या बाजूने एखादा पर्याय बंद ठेवला असेल तर गोष्ट निराळी.

त्या मुलीच्या हरवलेल्या फोनकडे येतो. समजा, तिने त्याच दिवशी बेळगावला जाऊन त्याच क्रमांकाचे नवे सिम घेतले असते. तरीही एसएमएसवरचा ओटीपी तिला लगेच मिळाला नसता. सिम बदलून होणारी फसवणूक रोखण्यासाठी दूरसंचार विभागाच्या आदेशानुसार नव्या सिमवर पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवतात. नियम योग्यच आहे, पण मुदतीच्या दिवशी तो प्रामाणिक माणसालाच नडतो. शिवाय आपल्या सीमेवर एक निपाणीचे सिम, एक कोल्हापूरचे, असे दोन-दोन क्रमांक बाळगायची पद्धत आहे, त्यातला एक रिचार्जअभावी मागे पडतो. ९० दिवस न वापरलेला प्रीपेड क्रमांक बंद होऊ शकतो आणि पुढे तो दुसऱ्या कोणाला तरी मिळतो. खात्याला जर तोच जोडलेला असेल तर ओटीपी एखाद्या अनोळखी माणसाच्या खिशात वाजेल.

तिला उपयोगी पडले असते ते कागदावरचे बॅकअप कोड. गुगल एका वेळी आठ आकड्यांचे दहा कोड देते, प्रत्येक कोड एकदाच चालतो, आणि त्यासाठी फोनची गरज नसते. ते छापून, नाहीतर सुवाच्य अक्षरांत लिहून, पीयूसीच्या (बारावीच्या) मार्क्सकार्डाच्या फाईलमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवावेत. आपल्याकडच्या पावसात साधा कागद ऑगस्टपर्यंत टिकत नाही, हे आपल्याला मी सांगायला नको. कागद कोणाच्या हाती लागला तरी पासवर्ड ठाऊक नसेल तर त्याचा उपयोग नाही. म्हणून पासवर्ड मात्र त्याच कागदावर लिहू नये.

सायबरबद्दल आपण काही लिहिलेले नाही, पण मला लिहिल्यावाचून राहवत नाही. बऱ्याच सेंटरमध्ये एक वही असते, त्यात मुलांची नावे आणि पासवर्ड एकाखाली एक लिहिलेले असतात, आणि खाते चालकानेच उघडून दिलेले असल्यामुळे रिकव्हरीचा, म्हणजे खाते परत मिळवण्यासाठी दिलेला, क्रमांकही कधी कधी त्याचाच असतो. हेतू वाईट नसतो; मुले पासवर्ड विसरतात आणि रांग खोळंबते. तरीही ॲप जोडण्याआधी खात्यात कोणाचे क्रमांक आहेत ते पाहून परके काढून टाकावेत, पासवर्ड बदलावा, आणि 'या संगणकावर पुन्हा विचारू नका' या चौकटीतली खूण तिथे आठवणीने काढावी.

ॲप लावले म्हणजे कोणी फसवूच शकणार नाही, असे मी म्हणत नाही. खोट्या पानावर पासवर्डबरोबर सहा आकडेही भरले तर चोर ते त्याच अर्ध्या मिनिटात वापरू शकतो. पासकी या नव्या पद्धतीत, म्हणजे पासवर्डऐवजी फोनचे कुलूप उघडून लॉगिन करण्यात, ती पळवाट बंद होते, कारण ती खऱ्या संकेतस्थळाच्या पत्त्याशीच बांधलेली असते. पण ज्या फोनचे कुलूप घरातले चौघे उघडतात त्यावर पासकी ठेवायला मी सुचवणार नाही.

एका बाबतीत मी पूर्णपणे आपल्या बाजूने आहे. फोन हरवलेल्या मुलीने दाद कोणाकडे मागायची, हे ठरवणे तिचे काम नाही. गुगलच्या संस्थात्मक खात्यांत प्रशासक विद्यार्थ्यासाठी नवे बॅकअप कोड काढून देऊ शकतो, मायक्रोसॉफ्टच्या खात्यांत ठरावीक वेळेपुरता तात्पुरता प्रवेश देता येतो. म्हणजे सोय आहे, ती वापरण्याचा अधिकार कॉलेजच्या पातळीवर कोणाकडे तरी हवा. ओळखपत्र पाहून त्याच दिवशी कोड देणारा एक माणूस प्रत्येक कॉलेजात नेमावा, परीक्षा अर्जाच्या आठवड्यात तो जागेवर हजर असावा, आणि त्याबद्दलची सूचना कन्नड-इंग्रजीबरोबर मराठीतही फलकावर लागावी, एवढी मागणी प्राचार्यांकडे लेखी करता येईल. आपण पालकांच्या वतीने अर्ज करणार असाल तर तांत्रिक भागाचा मजकूर मी लिहून देतो. कन्नड प्रत आपल्या ओळखीच्या एखाद्या शिक्षकांकडून करून घ्यावी, म्हणजे कार्यालयात तो अर्ज भाषेच्या कारणावरून अडकणार नाही.

आपला नम्र